हेफ्सिबा म्हणजे काय

राजगड चढून आलेली पुण्याची एक मुलगी गडाच्या पायथ्याला पालीत माझ्याकडं पिठलं-भाकरी जेवायला बसली. नाव सांगितलं, हेफ्सिबा. मी अर्थ विचारला.

"आम्ही ज्यू, मावशी. आमच्या धर्मग्रंथातलं जुनं हिब्रू नाव आहे. 'हिच्यातच माझा आनंद', असा अर्थ."

तव्यावरची भाकरी करपली. माझ्या तिसऱ्या मुलीचं नाव मी नकुशी ठेवलं होतं, पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून. हाक मारली की बिचारी परसातून "आले गं आई" म्हणत धावत यायची. सहाव्या वर्षी तापानं गेली. त्या रात्री ती मला हाका मारत राहिली, मी उठले नाही.

परवा वेल्ह्याला माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचं बारसं झालं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून मी पाळण्यावर वाकले. बायका रिवाजानं माझ्या पाठीत बुक्क्या घालायला लागल्या. मी हळूच म्हणाले, "हेफ्सिबा."

बाळ हललंसुद्धा नाही.

परसातून आवाज आला, "आले गं आई."

पाठीवरच्या बुक्क्या थांबल्या. भावजय पुटपुटली, "वन्सं, मागं कोण पोर हाय?"

मागच्या दाराची कडी वाजायला लागली, लहान मुलाचा हात पुरेल तेवढ्या उंचीवरून दार थोपटल्यासारखी.

मी याही वेळी उठले नाही.