आज्याची नोंद

जातपडताळणीसाठी संगिताला आज्याची जुनी नोंद हवी होती. ती झेरॉक्स काढायला गेली, तेवढ्यात तहसीलच्या खिडकीतून बाबूनं रूपाबाईला विचारलं, "आजी, नवऱ्याचं नाव?"

"संगिताचा आजा."

"असं कसं सापडंल? नाव सांगा."

नवरा जाऊन कैक वर्षं झाली होती, पण तांड्याच्या रीतीनं ते नाव तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. तिनं पदर ओठांवर ओढला. "हेमला," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "हेमला थावरा राठोड."

बाबूनं बस्ता सोडून पानं उलटली. "सापडलं, आजी. बसा तिकडं."

रूपाबाई खिडकीशीच उभी राहिली.

"आता काय राहिलं?"

"काई न्हाई. तुमी पुन्हा इचारा ना, नाव काय म्हणून."