हुंकार

कुंदाबाईंच्या बालवाडीत पूर्वी मुलांनी ‘हं’ म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नसे. आता सगळ्यांच्या कानामागे मणी होता. पहिलं वाक्य कानावर पडताच तो शब्दांचे अर्थ आणि गोष्टीचं तात्पर्य थेट डोक्यात उतरवायचा. मग मुलं नुसती जांभया देत बसायची.

आज फक्त जाईचा मणी बिघडला होता.

“कोल्हा हरणाला म्हणाला, चल, तुला हिरवंगार रान दाखवतो,” बाईंनी सुरुवात केली.

“हं!” जाई म्हणाली.

“पण त्याच्या मनात दगा होता.”

“दगा म्हणजे?” जाई पुढे सरकली. “बाई, हरणाला सांगा ना, जाऊ नको म्हणून!”

गोष्टीतल्या हरणापायी कुणाचा जीव खालीवर झाल्याला वर्षं लोटली होती. बाईंना भरून आलं.

तेवढ्यात जाईची आई नवा मणी घेऊन धापा टाकत आली. “बाई, आधी हा बसवा हो. माझीच पोर मागे पडायला नको.”

बाईंनी जाईचे केस बाजूला सारून मणी बसवला.

“तर हरीण निघालं...” असं म्हणून त्या ‘हं’ची वाट बघत राहिल्या.

जाईने जांभई दिली. “कळलं, बाई. हरीण मरतं.”