वरातीतलं ट्रम्पेट

शंभर वर्षांपूर्वीचं, नाचासाठीचं जॅझ वाजवणाऱ्या आकांक्षाच्या बँडची अमरावतीत तालीम चालली होती. सुगतचं ट्रम्पेट काही तिला पटेना.

"सूर बरोबर आहेत, पण ऐकून पाय हलत नाहीत. शिकलास कुठे?"

"यूट्यूबवर," सुगत नेहमीसारखं म्हणाला.

तेवढ्यात समोरच्या मंगल कार्यालयात वरात पोचली. तिच्यातलं ट्रम्पेट ऐकून आकांक्षा धावत खाली गेली आणि लाल कोटातल्या म्हाताऱ्या वादकाला वर घेऊन आली.

"काका, याला जरा शिकवा."

दारात लाल कोटातल्या आपल्या बाबांना पाहून सुगतने मान खाली घातली.

बाबांनी त्याच्या खाली गेलेल्या मानेकडे पाहिलं.

"शिकवतो न बाई," ते म्हणाले आणि सुगतकडे वळले. "नाव काय हाये साहेब तुमचं?"