लांब चाल

सगळं गास गाव शेजारच्या नंदाखाल गावी हळदीला गेलं होतं आणि गावदेवीच्या सांजआरतीला गावाच्या बाजूनं उरला होता एकटा आत्माराम. समोर नव्या बिल्डिंगवाल्यांची चाळीस माणसं, झांजांसकट. तरी त्यानं ढोलकी मांडीवर ओढलीच.

गावाची आरती लांब चालीची, एकेक ओळ ताणत नेणारी. बिल्डिंगवाल्यांची झपाझप, टाळ्यांची. रोज पंचवीस गावकऱ्यांच्या आवाजाखाली ती दबून जायची. आज गावाची चाल पडली तर उद्यापासून देवीपुढे दुसरीच वाजणार, हे आत्मारामला पक्कं ठाऊक होतं.

पुजारी शत्रुघ्ननं पंचारती पेटवली. घंटा वाजली आणि दोन्ही चाली एकदमच सुटल्या.

काय धुमाळी उडाली! झांजा पुढे, ढोलकी मागे. आत्मारामचे हातच फितूर व्हायला लागले. दोनदा बोटं त्यांच्या ठेक्यावर धावली, दोनदा त्यानं ती दटावून मागे आणली. घाम डोळ्यांत उतरला. मजा मात्र अशी येत होती की विचारू नका. कित्येक वर्षांत तो इतका जीव तोडून गायला नव्हता.

बिल्डिंगवाल्यांचं आटपलं. ज्योतीवर हात फिरवायला ते पुढे सरकले. आत्मारामचं तर अजून दुसरंच कडवं चाललं होतं. शेवटचा आवाज थांबल्याशिवाय आरती खाली ठेवायची नाही, ही इथली रीत. शत्रुघ्नचा हात फिरतच राहिला.

आता सभामंडपात एकच आवाज. तिसऱ्या कडव्याची ओळ वर चढली, लांबली, आणि आत्मारामचा दम संपला. पंचवीस जणांत असं कधी झालं नव्हतं. आवाज चिरकला, तुटला. हरलो, असं वाटून त्याचे डोळेच भरून आले.

तुटला तिथूनच तो सूर कुणीतरी उचलला. अगदी नेमका! बिल्डिंगमधली लतिका होती ती; रोज खांबाशी उभी राहून गावाची आरती ऐकायची. आत्मारामनं छातीभर श्वास घेतला आणि तिचा दम संपायच्या आत ओळ परत घेतली. मग तो, मग ती, असं करत दोघांनी आरती तडीस नेली. ढोलकी नुसती नाचत होती.

शत्रुघ्न पंचारती घेऊन माणसांत फिरू लागला. लतिका अजून धापा टाकत होती.

"काका, केवढं लांब ओढता! मधे श्वास घेता तरी कुठे?"

"एकल्याला श्वासाला जागाच नाय त्यात. एकानं सोडला का दुसऱ्यानं धरायचा. गाव तसंच गातं."

लतिकानं मागे वळून आपल्या लोकांकडे पाहिलं.

"आम्ही चाळीस जण आहोत, काका."

आत्मारामनं ढोलकीची दोरी कचकन आवळली.

"मंग उद्या आनखी लांब ओढू."