गार्डाविना गाडी

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी जावयाने निवृत्त ड्रायव्हर रेवजीअण्णांना संगणकावरच्या रेल्वेखेळात त्यांच्याच घाटाचा मार्ग आणून बसवून दिला.

वळणं, बोगदे, चढावर इंजिनाला लागणारी धाप, सगळं हुबेहूब. "पण स्टेशनातला आंबा उजवीकडे हवा," अण्णा म्हणाले, "आणि गार्ड कुठाय? हिरवा झेंडा कोण दाखवणार?"

जावई हसला. "अण्णा, खेळ आहे. बटण दाबा!"

"झेंड्याशिवाय जन्मात गाडी हलवली नाही."

शेवटी त्यांचे जुने गार्ड, शेजारचे गफूरभाई, रोज मागे खुर्ची टाकून बसू लागले. शिट्टी फुंकून हिरवा रुमाल हलवायचे. "निघा आता, उशीर नेहमी तुमच्यामुळेच!"

परवा जावयाने शिट्टी फुंकून रुमाल हलवून पाहिला. अण्णा म्हणाले, "जावईबापू, शिट्टी कच्ची आहे तुमची." गाडी स्टेशनातच उभी राहिली.

गफूरभाई गेल्या बकरी ईदच्या चौथ्या दिवशी वारले.