एकत्र अर्ज

खाण बंद पडल्यावर व्हर्जिलची बायको ओलिटा व्हर्जिनियातल्या जहाजांच्या कारखान्यात कामाला गेली; तो मुलींसह केंटकीतच राहिला. करभरणीच्या दिवसांत दोघांची कागदपत्रं घेऊन तो लोकांचे कराचे अर्ज भरून देणाऱ्या हास्केलबाईंच्या कचेरीत गेला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "दोघं दोन राज्यांत? मोडलं की काय तुमचं? वेगवेगळे अर्ज भरू?" "राज्यांच्या कराचे भरा वेगळे. केंद्राच्या कराचा एकत्रच. घरं दोन आहेत बाई, संसार एकच आहे." रांगेत कुणीतरी खिदळलं. "बायकोचा व्यवसाय?" "वेल्डर. युद्धनौकांचे पत्रे जोडते." तो जरा मोठ्यानेच बोलला. खिदळणं थांबलं. "आणि तुझा? खाणकामगारच ठेवू ना?" बाईंनी हळूच विचारलं. व्हर्जिलला सकाळ आठवली. धाकटीची वेणी आज पहिल्यांदाच त्याला नीट जमली होती, आणि तिने आरशात बघून "अगदी आईसारखी!" म्हटलं होतं. "नको," तो म्हणाला, "घर सांभाळतो, असं लिहा. ठळक अक्षरांत."