मीठ कुठं असतं

"अंगठी घातलीस ना?" आईबाबांच्या फाटकाशी गाडी थांबवत तेग्यूनं विचारलं.

उनजूनं हात त्याच्या नाकासमोर धरला. "घातली. नाटक करायचं, तर दागिनेही नाटकाचे. मधे कुठं रडायचंही आहे का?"

"आजचा दिवस गं. बाबांचं हृदय तसलं, त्यात माझी नोकरी गेली म्हणून आई हबकलेली. जरा घडी बसू दे. नव्या वर्षाला सांगू."

"मी आजच सांगणार. जेवणं झाली की."

तो गप्प बसला. गप्प बसणं हाच त्याचा हातखंडा होता. जहाजांच्या कारखान्यानं त्याला काढून टाकलं, तरी सगळा उन्हाळा हा माणूस रोज सकाळी कामाचे कपडे चढवून, तिनं भरलेला डबा घेऊन निघायचा आणि वाचनालयात बसून परत यायचा. नोकरीचं तिला दुःख नव्हतं. कोरियातल्या या कोजे बेटावरच्या निम्म्या घरांत तेच चाललं होतं. पण ते डबे! पहाटे उठून केलेल्या अंड्याच्या गुंडाळ्या, काटे काढून भाजलेले मासे. आठवलं की तिच्या कपाळाची शीर उडे.

न भांडता, समजुतीनं वेगळं व्हायचं ठरलं होतं. विचार करायला कोर्टानं दिलेली मुदत संपली, घटस्फोटावर शिक्का बसला. फक्त या घराला अजून पत्ता नव्हता.

अंगणात किमची घालायला रात्रभर मिठात निजलेले कोबीचे गड्डे टोपल्यांत निथळत होते, न्हाऊन बसलेल्या लेकरांसारखे.

"आलीस गं माझी बाय!" सासूबाई उठल्या. "फोन करून आलात म्हणून बरं. नाहीतर मेलं घर आवरलेलं नसतं." फोन केल्याशिवाय यायचं नाही, अशी त्यांची ताकीदच होती.

मागून सासरे आले. कुत्र्यानं साखळी ताणली आणि ते त्यांच्यावरच भुंकत सुटलं.

"बघा, घरच्या धन्यावर भुंकतंय!" सासूबाई हसल्या.

"खायला कोण घालतं ते कळतं त्याला," उनजू म्हणाली. तेग्यूनं खोकून घेतलं.

तिनं अंगठी काढून नळाच्या कट्ट्यावर ठेवली, रबरी हातमोजे चढवले आणि पानापानाला तिखट माखायला बसली. इतक्या जोरानं की देठ मोडू लागले. सासूबाई गुणगुणत होत्या,

*मीठ बसलं पानाला, पान नमलं बाई,*
*जाणाऱ्याच्या पावलाला दार अडवत नाही.*

"अहो," गाणं थांबवून त्यांनी हाक दिली, "मांस शिजतंय, त्यात मीठ टाका जरा."

सासरे स्वयंपाकघरात गेले. एक कपाट उघडलं, मिटलं. दुसरं उघडलं, मिटलं. मग आवाज आला, "मीठ कुठं असतं?"

उनजूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभा जन्म या घरात जेवला हा माणूस! बापानं मिठाची बरणी बघितली नाही, लेकानं डब्याची किंमत ओळखली नाही. ती ताडकन आत गेली. "हे बघा. शेगडीच्या उजव्या हाताला. कायम इथंच असतं."

"आभारी आहे हं, सूनबाई," सासरे ओशाळून म्हणाले. त्या आदबीनं ती आणखीच भडकली.

बाहेर येऊन तिनं सासूबाईंनाच विचारलं, "आई, तुम्हाला राग नाही येत?"

"यायचा ना! भांडी फेकायचे मी. ह्यांच्या कपाळावरची खूण बघ, माझ्याच झाऱ्याची." त्या खुसखुसल्या. "आता कित्येक वर्षांत आवाज चढलेला नाही आमचा. माणूस वाईट नाही गं. समजुतीनं घेतलं की निभतं."

समजुतीनं! उनजूनं गड्डा असा आपटला की तिखट तेग्यूच्या शर्टावर उडालं. "सोळा आणे खरं. समजून घ्यायला बाया आहेतच."

तेग्यूनं डाग पुसला नाही.

जेवायला बसले. उकडलेलं मांस, ताजी किमची, त्यावर कालवं. पहिल्या घासानंतर उनजूनं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "आई, बाबा, मला एक सांगायचंय."

तेग्यूचा हात हवेतच थांबला.

त्याच वेळी सासऱ्यांनी सगळ्यात मोठं कालव पानात गुंडाळून सासूबाईंच्या तोंडाशी धरलं होतं. आणि त्या, गालाला तिखट लागलेल्या, नव्या नवरीसारख्या तोंड उघडून हसत होत्या. दोघंही तशीच तिच्याकडे वळली.

या दोघांचा घास कुणी मोडायचा? उनजूनं राग तिखटाबरोबर गिळला. डोळ्यांत पाणी आलं.

"किमची... मस्त झालीय."

परतताना गाडी पुलाजवळ आल्यावर तिनं बोट चाचपलं. "अंगठी कट्ट्यावर राहिली."

"आईला दिसली तर?" तेग्यूनं गाडी वळवली.

गल्लीत कोबीचा टेम्पो आडवा होता, म्हणून दोघं चालत निघाली. फाटक अर्धं उघडं होतं. कुत्रं भुंकत होतं. अंगणात सासरे हेल्मेट घालून स्कूटरच्या मागं किमचीचा डबा बांधत होते. उनजूनं तेग्यूची बाही धरली.

"सावकाश जा, बंधाऱ्यावर वारा असेल," सासूबाई म्हणत होत्या. "खोलीवर पोचलात की फोन करा."

"करतो. सांगून टाकूया का गं पोरांना आता? तेग्यूच्या लग्नात विघ्न नको म्हणून आपला घटस्फोट लपवला, तो लपवतच बसलोय."

"आत्ता? लेकाची नोकरी गेलीय, सून बिचारी धुसफुसतेय. त्यांची घडी बसू दे. नव्या वर्षाला बघू."

"बरं. पण तोवर मीठ कुठं असतं ते एकदा नीट दाखवून ठेव. आज थोडक्यात वाचलो."